त्याच्या कार्डावर

लिफ्टचं दार उघडलं तर आत आमच्या पलटणीतला ड्रायव्हर उभा, आणि त्याच्या उघड्या दंडावर शर्टाच्या बटणाएवढी गोल पट्टी. सकाळचा गारठा होता. माझ्या अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. आणि हा गडी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून, ती अर्धी बाहीसुद्धा आणखी वर दुमडून उभा होता. "काय शाई, कुठं निघालास?" म्हणाला. शाई म्हणजे मी. फौजेत कंपनीचा कारकून होतो, बोटं कायम निळी असायची, म्हणून पलटणीत पडलेलं नाव. निवृत्तीला एकोणीस वर्षं झाली, बोटं केव्हाच स्वच्छ झाली, पण हा अजून मला त्याच नावानं हाक मारतो आणि लिफ्टमधल्या लोकांना माझ्याकडे बघायला लावतो. मी म्हटलं, "दूध आणायला." पट्टीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तेवढंच त्याला हवं होतं. "काल टोचून घेतली," तो म्हणाला. "ती नवीन आलीय ना, न्यूमोनियाची. केंद्रातून पत्र आलं होतं. तुला नाही आलं?" मी म्हटलं, आलं असेल, पेटी बघितली नाही. पेटी मी रोज दोनदा बघतो, हे त्याला माहीत आहे, कारण त्याची पेटी माझ्या पेटीच्या वर आहे. दुधाची पिशवी घेऊन परत आलो तेव्हा पेटी पुन्हा उघडून बघितली.

मत्सर हा पुस्तकी शब्द आहे. आमची आई सरळ म्हणायची, ह्याच्या पोटात दुखतंय. तर माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते मी कबूल करतो, कारण ह्या वयात कबूल करायला दुसरं काही उरलेलं नाही. ती लस मला हवी होती असं नाही. म्हणजे हवी होतीच, पण माझ्यासाठी नाही. बायकोला गेल्या वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी बावीस दिवस ती रुग्णालयात होती. नळी काढल्यावर डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, तिसऱ्या वेळेची खात्री मी देणार नाही. हिवाळ्याआधी लस मिळाली तर बघा." तेव्हा हिवाळ्याला सहा आठवडे होते, आता गारठा दारात होता. बाहेर कुठंही ती मिळत नव्हती, आणि माजी सैनिकांच्या आरोग्य केंद्रात थोडी आली होती ती पहिल्या यादीला. पहिली यादी म्हणजे सत्तरीच्या पुढचे, ज्यांच्या नोंदीत आघाडीवरची जखम किंवा इजा आहे असे माजी सैनिक, आणि त्यांच्या कार्डावरचा जोडीदार. बाकीच्यांनी पुढच्या साठ्याची वाट बघायची. पुढचा साठा केव्हा, तर उन्हाळ्यात, कदाचित. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, ड्रायव्हर माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान, दोघं एकाच कंपनीत, एकाच डोंगरावर, एकाच हिवाळ्यात होतो. पण जखम त्याच्या पानावर आहे. माझं पान कोरं आहे.

ते पान कोरं का, हे मी बायकोलाही धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलं की मी मूर्ख ठरतो. आमच्यात नियम असा होता की कारकुनानं स्वतःच्या वैद्यकीय पानावर स्वतः लिहायचं नाही. दुसऱ्या कारकुनानं लिहायचं आणि अधिकाऱ्यानं सही करायची. नियम चांगला आहे. पण चौकीवर दुसरा कारकून नव्हता, मी एकटाच होतो. रेकॉर्डच्या झोपडीत स्टोव्ह कलंडला आणि आग लागली, तेव्हा मी तीनदा आत गेलो आणि एकशे बारा माणसांची पानं असलेल्या तिन्ही पेट्या बाहेर काढल्या. तिसऱ्या वेळी बाहेर आलो तो बर्फावर पालथा पडून काळं थुंकत होतो. तेव्हापासून हा खोकला आहे. साहेब म्हणाले, "नोंद करून घे." मी म्हटलं, "हो सर." आणि वाट बघत बसलो, दुसरा कारकून येण्याची. तो आला तेव्हा आम्ही डोंगर उतरलो होतो, साहेबांची बदली झाली होती, आणि तो नवा कारकून मला म्हणाला, "साक्षीदार कोण?" एकशे बारा माणसांचं सर्दीपडसंसुद्धा वळणदार अक्षरात लिहून ठेवलेला मी, माझ्या एका ओळीसाठी कुणाच्या दाराशी गेलो नाही. अभिमान होता. आता त्या अभिमानाची किंमत बायकोच्या छातीतून वसूल होणार, असं मला त्या सकाळी दूध तापवताना वाटलं आणि दूध उतू गेलं.

आणि ड्रायव्हरची जखम. ती तर माझ्याच हातची आहे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं ट्रकची मागची फळी पडून गेली. तोफ नाही, गोळा नाही, शत्रू तीन मैल लांब होता आणि बहुधा जेवत होता. हा फळी लावताना कुणाशी तरी मस्करी करत होता, खिट्टी नीट बसली नाही, फळी खाली आली. हयगयीनं झालेली इजा म्हणजे शिक्षा आणि घरची वाट. त्याचं लग्न ठरलेलं होतं. मी पानावर लिहिलं, शत्रूच्या माऱ्यात गोळ्याचा तुकडा लागून. साहेबांनी न वाचता सही केली, कारण माझं अक्षर बघून कुणी वाचत नसे. लोक समजतात मी दोस्तीखातर केलं. ड्रायव्हरही तेच समजतो, दर वर्षी त्या तारखेला खाली येऊन माझ्या पाठीत धपाटा घालतो. खरं असं की, त्याची किंकाळी ऐकून मी झोपडीतून बाहेर धावलो, ते रक्त बघितलं, आणि एक क्षणभर, एवढासाच, मला बरं वाटलं. बरं झालं, खोड मोडली, असं वाटलं. मग त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की मी आत जाऊन त्याला शूरवीर करून टाकलं.

बरं का वाटलं? त्याच्या आधी तीन महिने बायको पहिल्यांदा छावणीत यायची होती. लग्नाला पंधरा दिवस झालेले. स्टेशनवर मी जायचा, पण साहेबांना त्याच दिवशी वार्षिक यादी हवी होती, म्हणून टपालाची गाडी घेऊन ह्याला पाठवलं. स्टेशन ते छावणी दोन तासांचा रस्ता. मी क्वार्टरच्या पायरीवर उभा होतो. गाडी थांबली, दार उघडलं, आणि माझी बायको हसत उतरली. माझ्याशी पंधरा दिवसांत ती तशी हसली नव्हती. हाही हसत होता. मी विचारलं, "काय झालं?" दोघं एकदम म्हणाली, "काही नाही." बस, एवढंच. सत्तेचाळीस वर्षं झाली. मुलगी झाली, तिचं लग्न झालं, ती परदेशी गेली, ह्याची बायको वारली, आम्ही म्हातारे होऊन एकाच इमारतीत राहायला आलो, आणि अजून हा जिन्यात भेटला की बायकोच्या चेहऱ्यावर त्या 'काही नाही'ची सावली दिसते. निदान मला दिसते.

त्या सकाळी चहा घेतला नाही. तसाच केंद्रावर गेलो. जाताना बसमध्ये मी वाक्य तयार केलं. अमुक क्रमांकाच्या माजी सैनिकाच्या पानावरील नोंद वस्तुस्थितीला धरून नाही. चांगलं वाक्य होतं, मुद्देसूद. ते तिथं म्हटलं तर त्याचं नाव यादीतून जाईल, एवढंच. माझं त्यात यायचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्याच्या दंडावर पट्टी आणि माझ्या घरात खोकला, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नव्हता. खिडकीशी एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, बोटांत पेन फिरवणारी. मी ड्रायव्हरचा क्रमांक सांगितला, तो मला माझ्या क्रमांकाआधी आठवतो. तिनं पडद्यावर पान काढलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझंच अक्षर. सव्वीस वर्षांच्या माणसाचं, हात न थरथरणाऱ्या माणसाचं. ती म्हणाली, "किती सुंदर अक्षर आहे हो. आमच्याकडे हजारो पानं येतात, एवढं मोत्यासारखं एकही नाही." झालं. माझं मुद्देसूद वाक्य राहूनच गेलं. मी म्हटलं, "माझं आहे ते." ती खूश झाली, माझंही पान काढून दिलं, आणि खाली बघत म्हणाली, "आजोबा, तुमच्या इथं मात्र काहीच नाहीये." मी म्हटलं, मला माहीत आहे. एवढं बोलून परत आलो. स्तुतीनं विरघळणारा माणूस तक्रार काय करणार.

घरी आलो तर दारात त्याच्या चपला. तो आणि बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, मधे चहाची किटली, आणि त्याचं जुनं पिवळं कार्ड उघडं पडलेलं. बायको म्हणाली, "बसा, भावजींचं ऐका जरा." तो आधी खाकरला. मग म्हणाला, "हे बघ, शाई. कार्डावर जोडीदाराची एक लस आहे. ती महिन्याअखेर घ्यायची, नाही तर जाते. माझी बायको जाऊन आठ वर्षं झाली, पण तिचं नाव मी कमी केलं नाही. तू अर्ज लिहून दिला होतास, तो माझ्या ट्रंकेत पडलाय. नेऊन द्यायला पाय उचलला नाही. कार्डावर फोटो नाही. नाव आणि वय आहे, वयात दोन वर्षांचा फरक." मी विचारलं, "मग?" कळलं होतं, तरी विचारलं. "मग वहिनींना घेऊन जातो," तो म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम."

मी काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी खोटेपणा, फसवणूक, तुरुंग असले शब्द वापरले. ज्या माणसाच्या लेखणीनं ड्रायव्हरची फळी तोफगोळा झाली, त्याच्या तोंडी खरेपणा. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला. त्यानं कार्ड उचललं, "विचार करा," म्हणाला, आणि चपला घालून गेला. जाताना तीन बोटांच्या हातानं दार हळू लावलं. तो दार नेहमी आपटतो.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या सकाळी ती मोरीशी वाकून खोकत होती, एक हात नळावर, आणि खोकला थांबेना. मी पाठीवर हात ठेवला तर हाताखाली नुसत्या बरगड्या. ती सावरली, तोंड धुतलं, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अहो, मला मरायचं नाहीये." कधी काही मागितलं नाही तिनं, दागिना नाही की प्रवास नाही. मला तेव्हा शहाण्या माणसानं म्हणावं तसं काहीतरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "त्या दिवशी गाडीत काय झालं होतं?" कुठल्या गाडीत, असंही तिनं विचारलं नाही. मग ती हसली, तेच, गाडीतून उतरतानाचं. "ओकले होते मी," ती म्हणाली. "सगळ्या रस्ताभर. टपालाच्या पिशवीवर, माझ्या नव्या कपड्यांवर, भावजींच्या बुटावर. नदीवर गाडी थांबवून त्यांनी सगळं धुतलं. मी रडत होते, नवऱ्याला कळलं तर काय म्हणेल म्हणून. ते म्हणाले, त्याला कशाला कळतंय, तो नोंद करून ठेवील. त्याचंच हसू येत होतं." एवढंच होतं तर. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, एखादं मिनिट. मग वाटलं, सत्तेचाळीस वर्षं ह्या माणसाकडे माझ्या बायकोची एक गोष्ट होती आणि माझ्याकडे ती नव्हती. त्यानं तिला नदीवर रडताना बघितलं. मी तिला नेहमी डोळे पुसून झाल्यावरच बघितलं. पोटातलं दुखणं जागचं हललं नाही, नुसतं कूस बदलून झोपलं. मी वर गेलो, ड्रायव्हरचं दार वाजवलं आणि म्हटलं, "फॉर्म आण. तुझं अक्षर कुणाला लागायचं नाही." त्याच्याच टेबलावर बसून मी तो भरला. पतीचं नाव, त्याचं. पत्नीचं नाव, त्याच्या मेलेल्या बायकोचं. वळणदार लिहिलं.

केंद्रावर आम्ही तिघं गेलो. मला नको म्हणाले होते दोघंही, पण मी गेलो. बायकोनं निळा स्वेटर घातला होता, केस नीट विंचरले होते, आणि ती बसमध्ये ओठ हलवत पाठांतर करत होती. खिडकीशी ती अक्षर वाखाणणारी मुलगी नव्हती, जाडशा चष्म्याची एक सिस्टर होती. तिनं विचारलं, "नाव?" बायकोनं मेलेल्या बाईचं नाव सांगितलं. "मिस्टरांचं नाव?" आणि माझ्या बायकोनं ड्रायव्हरचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एका दमात, न खोकता. लग्नापासून मी तिच्यासाठी 'अहो' आहे. 'अहो ऐकलं का', 'अहो आलात का', 'आमचे हे'. माझं नाव तिच्या तोंडून कसं ऐकू येईल ते मला माहीत नाही. आणि त्याचं कसं ऐकू येतं ते आता माहीत झालं. चांगलं ऐकू येतं. सिस्टरनं लिहून घेतलं, शिक्का मारला. सगळं पार पडत आलं होतं, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं भिंतीकडची खुर्ची पुढं ओढली आणि सवयीनं म्हणाला, "वहिनी, तुम्ही इथं बसा."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "वहिनी?" म्हणाली. ड्रायव्हरनं आयुष्यात कुठल्या कुठल्या चिखलातून ट्रक बाहेर काढले असतील, पण आता त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. बायकोचा हात स्वेटरच्या गळ्याशी गेला. मला कळत होतं की मी गप्प राहिलो तर सगळं आपोआप मिटेल. मला काही करायला लागणार नाही. त्याचं कार्ड जाईल, शौर्य जाईल, आम्ही दोघं बसनं घरी जाऊ, आणि ती माझीच बायको असेल. हा विचार मी पुरता केला, अर्धवट नाही. मग मी पुढं झालो. "माझ्यामुळं झालंय ते," मी म्हटलं. "मी धाकटा दीर ह्यांचा. मी आयुष्यभर वहिनी वहिनी करत आलो, ते ऐकून ऐकून दादाही वहिनीच म्हणायला लागला. आमच्या घरात पोरगीसुद्धा आईला वहिनीच म्हणते." माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान माणसाला मी दादा म्हटलं. सिस्टर हसली. "आमच्याकडे वडिलांना सगळे भाऊ म्हणतात," ती म्हणाली. "बरं, दिरांनी बाहेर थांबा. आत फक्त जोडी."

ते आत गेले. दाराला काच होती, पण खालचा भाग पांढरा केलेला, त्यामुळं मी टाचा उंच करून उभा राहिलो. बायकोला सुईची भीती वाटते. रुग्णालयातल्या बावीस दिवसांत दर वेळी तिनं माझ्या शर्टात तोंड खुपसलं होतं. माझ्या सगळ्या शर्टांच्या खांद्याला तिच्या तेलाचे डाग आहेत. आता ती खुर्चीत बसली होती, निळी बाही वर, दंड एवढासा, आणि मान वळवून कुणाला तरी शोधत होती. काचेकडे बघितलं तिनं, पण उजेड तिच्या बाजूला होता, मी तिला दिसलो नसेन. सिस्टरनं ट्रेमधून सुई उचलली. बायकोनं डोळे मिटले आणि हात पुढं केला, आणि ड्रायव्हरनं तो धरला. कसा धरायचा ते त्याला कळत नव्हतं. आधी तीन बोटांत धरला, मग दुसरा हात वर ठेवला. तिनं घट्ट आवळला. माझे पाय दुखत होते, पण मी टाचा खाली टेकवल्या नाहीत.

मागून एक दुसरी सिस्टर औषधांची ढकलगाडी घेऊन आली. वाट हवी होती तिला. "किती वेळ असे चवड्यांवर उभे आहात, काका," ती म्हणाली. "पडाल. तुमचं कोण आहे आत?"

"वहिनी," मी म्हटलं.

तिनं माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. "मग कशाला एवढी काळजी करता? त्यांचे मिस्टर आहेत ना जवळ."

मी तिला वाट करून दिली. "हो," म्हटलं, "आहेत."